पावसात रस्ता बंद, बाळाची फिजिओथेरपी व्हिडिओ कॉलवर चालेल का?

गगनबावड्याची आई

माझा मुलगा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात झाला. ३१ आठवडे जेमतेम भरले होते, वजन १३८० ग्रॅम. ४१ दिवस काचेत होता. डोळ्यांचा पडदा दोनदा तपासला, ठीक आहे म्हणाले. कानाची तपासणीही झाली.

परवा त्याला साडेपाच महिने झाले. मान अजून डुगडुगते. डावी मूठ सतत मिटलेली, अंगठा आत. लंगोट बदलताना मांड्या सहज बाजूला होत नाहीत, पाय काठीसारखे ताठ. जूनमध्ये डॉक्टरांनी फिजिओकडे पाठवलं. एकदाच जाऊ शकलो. त्या दिवशी एसटीत दोन तास बसून तो इतका दमला की पूर्ण वेळ रडला आणि तपासणी अर्धीच राहिली. दर आठवड्याला या म्हणाल्या होत्या. पण जुलै लागला आणि मांडुकलीला दोनदा रस्त्यावर पाणी आलं. नवरा शिरोलीला फाउंड्रीत आहे, रविवारी येतो, तेही रस्ता चालू असेल तर.

मग फिजिओ म्हणाल्या, व्हिडिओवर करू. पहिला कॉल वीस मिनिटांचा झाला. बाळ रडत होतं, चित्र अडकत होतं, मला काहीच कळलं नाही. नंतर व्यायामाच्या चित्रांची एक फाईल आली. चित्रातलं बाळ गुबगुबीत आणि हसरं आहे. माझं तसं नाही. त्याचा पाय धरला की माझाच हात थरथरतो.

सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते) त्याला मांडीवर उभा करतात. पाय घट्ट लागतात, तर म्हणतात, बघ किती ताकद आहे, लवकर चालणार. त्यांचा आनंद बघून मला बोलवत नाही.

मला एवढंच विचारायचं आहे. स्क्रीनवरून याचा खरंच उपयोग होतो का? माझ्या हातून त्याला काही इजा होईल का? की पाऊस संपेपर्यंत, सप्टेंबरपर्यंत थांबू?

चंदगडची वैशाखी

थांबू नका. माझी मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. जन्मल्यावर रडली नव्हती, मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. चंदगडहून कोल्हापूर म्हणजे आमचा अख्खा दिवस जायचा, त्यामुळे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मध्ये दर बुधवारी कॉल, असं दीड वर्ष केलं.

पहिले तीन कॉल आमचेही वाया गेले. नंतर वेळ बदलली. दूध पाजून पाऊण तास झाला की, झोप पुरी झालेली असताना. पलंगावर न घेता खाली सतरंजीवर घ्यायला लागले. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचे, त्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे. आमच्या मॅडम एक कापडी बाहुली घेऊन बसायच्या. आधी बाहुलीवर दाखवायच्या, मग मी लेकीवर करायचे, आणि त्या गप्प बसून बघायच्या. "कोपर जरा पुढे. आता सोडा. तिला करू द्या." एवढंच बोलणं. तुम्हाला नुसती फाईल मिळाली असेल तर त्यांना सरळ सांगा, मला बाहुलीवर दाखवा आणि मी करते ते बघा.

माझी मुलगी दोन वर्षं दोन महिन्यांची असताना चालली, पायात एएफओ (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा प्लास्टिकचा आधार) घालून. अजूनही घालते. अंगणवाडीत जाते, स्वतः जेवते.

शाहूपुरीची फिजिओ

चौदा वर्षं लहान बाळांसोबत काम करते. तुमच्या बाळाला न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत.

आधी वय नीट धरू. बाळ ९ आठवडे लवकर आलं. आज ते २४ आठवड्यांचं आहे, त्यातून ९ वजा केले की १५. म्हणजे विकासाच्या हिशेबात ते साडेतीन महिन्यांचं आहे, यालाच सुधारित वय म्हणतात. साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत हाच हिशेब धरायचा. शेजारचं त्याच महिन्यात जन्मलेलं बाळ कुशीवर वळलं म्हणून तुम्ही रात्र जागवू नका. या वयाला मान थोडी डुगडुगणं मला घाबरवत नाही. सतत मिटलेली एकच मूठ आणि ताठ मांड्या मात्र मी नीट तपासून बघेन.

म्हणून सप्टेंबर नको. पाणी उतरलं की पहिल्या दिवशी एक प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. स्नायूचा ताठपणा हातालाच कळतो. गुडघा सावकाश वाकवला तर किती अडतो, झटकन वाकवला तर किती, हे कुठल्याही कॅमेऱ्यातून समजत नाही. खुबाही हातानेच बघावा लागतो. हॅमरस्मिथ नावाची २६ मुद्द्यांची तपासणी असते, २ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंतच्या बाळांची, ती करून मागा. शक्य असेल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे उतरा. एसटीतून उतरलेलं दमलेलं बाळ तपासायचं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

पण रस्ता बंद असतानाही एक मोठं काम घरी होऊ शकतं, आणि त्याला मुदत आहे. बाळंतपणाच्या मूळ तारखेनंतर ९ ते २० आठवड्यांच्या काळात निरोगी बाळाच्या मानेत, मनगटात, घोट्यात, सगळ्या अंगात बारीक, गोलसर, सतत चाललेली वळवळ दिसते. प्रेश्टल पद्धतीत प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती ती व्हिडिओवरून वाचते. ही वळवळ नसेल तर सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालीत येणाऱ्या कायमच्या अडचणीचा) धोका बराच जास्त असतो आणि उपचार तातडीने वाढवता येतात. पूर्वी वर्ष-दोन वर्षं "बघू, वाढेल" म्हणत निदान लांबायचं. २०१७ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय आढावा आला आणि त्यात स्पष्ट मांडलं गेलं की सुधारित वयाच्या सहा महिन्यांच्या आत विश्वासार्ह निदान शक्य आहे. तुमच्या बाळाचे या काळातले पाच आठवडे उरलेत.

व्हिडिओ असा काढा: बाळ पाठीवर, जागं, शांत. हातपाय उघडे, अंगात फक्त लंगोट आणि पातळ झबलं. पावसाळी गारठा आहे, तेव्हा खोली आधी उबदार करा. तोंडात चोखणी नको, हातात खेळणं नको, तुम्ही बोलू नका. फोन पायाच्या बाजूने, उंचावर, डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं दिसेल असा. तीन ते पाच मिनिटं. रडायला लागलं तर बंद करून नंतर काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि बारीक हालचाल पुसली जाते. रेंज आली की जाईल, कॉलसारखी त्याच क्षणी लागत नाही. तुमच्या भागात मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. आठवड्यातले दोन छोटे व्हिडिओ तुमच्याकडून, आणि त्यावर फिजिओंचा आवाजी निरोप.

आता तुमचे हात. तुम्ही त्याला दिवसातून दहा वेळा उचलता, पुसता, पाजता. त्या हातांनी इजा होत नाही, आणि आपण शिकवतोय तेही त्याच जातीचं आहे. जोर लावून ताणायचं नाही, झटका द्यायचा नाही, रडत असेल तर रेटायचं नाही. मूठ बोटं उपटून उघडू नका. करंगळीच्या बाजूने हाताच्या पाठीवर मनगटाकडे हलकेच चोळा, बोटं आपोआप सैल होतात. दूध पाजताना त्याचा डावा हात तुमच्या अंगाखाली दबत नाही ना, बघा. तो छातीवर, दूध पिताना त्याच्या नजरेसमोर येऊ द्या. कुशीवर झोपवून, पाठीला घडी केलेला टॉवेल लावून, तुम्ही समोर बसा. दोन्ही हात मध्ये येतात आणि त्याला स्वतःचे हात पहिल्यांदा दिसतात. हे जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर. झोपवायचं मात्र पाठीवरच. वेगळा "व्यायामाचा तास" काढायचा प्रयत्न करू नका, शेतातली आणि चुलीवरची कामं करून तो निघत नाही आणि मग आईला उगाच अपराधी वाटतं.

आत्याबाईंविषयी. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना कामाला घ्या. आपल्याकडे आंघोळीला बाळ लांब केलेल्या पायांवर घेतात. तेल लावताना पालथं घालतात ना? तेच पालथं घालणं मला हवं आहे! पुस्तकात त्याला पोटावरचा वेळ म्हणतात. आत्याबाईंच्या पायांवर पालथं असताना तुम्ही समोर बसून त्याच्याशी बोला, तो मान उचलून बघेल. सुरुवातीला अर्धा मिनिट, मग एक. आंघोळीनंतर अंग सैल असतं, मांड्या तेव्हा सर्वांत सहज उघडतात. फक्त पाय धरून उलटं लोंबकळवणं आणि हातपाय झटकन ओढणं असेल, तर ते बंद.

उभं करण्याबद्दल त्यांना असं सांगा की घट्ट लागणारी ती ताकद नसून ताठपणा असू शकतो, आणि टाचा न टेकता चवड्यांवर उभं राहण्याची सवय लागली तर पुढे चालायला तेच आडवं येतं. आजी-आजोबांना कारण सांगितलं की ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे. नुसतं "डॉक्टर नको म्हणाले" लागू पडत नाही. चाकांचा वॉकरही कुणी आणला तर परत करा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. झोपेतून उठल्यावर बाळ एकामागून एक दचकल्यासारखं पुढे वाकू लागलं, हात झटकन उघडून मिटू लागले, तर त्याला पोटदुखी समजू नका. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. तिथे फिजिओची वाट बघायची नाही.

करवीरची आशाताई

ताई, खर्चाचं दडपण असेल तर हेही बघा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, त्यात विकासातला उशीर येतो. जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, फिजिओ, कानाची तपासणी, बालरोगतज्ज्ञ सगळं मोफत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या. तुमच्या आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याला घरी येतातच, सहाव्या महिन्याची भेट आता आलीच आहे. त्यांना व्हिडिओ काढायला उभं करा. आम्ही येतो ते नुसतं वजन लिहायला नव्हे.

गगनबावड्याची आई

सगळ्यांचे खूप आभार. चौघींपैकी कुणालाच मी ओळखत नाही, असं लिहायला लागले होते, मग मोजलं तर तिघीच आहात. मला चार वाटल्या.

व्हिडिओ काढला. दोनदा रडला, तिसऱ्यांदा साडेतीन मिनिटं शांत राहिला. घराच्या मागच्या चढावर जाऊन पाठवला, तिथे रेंज येते. फिजिओंना बाहुलीचं विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या, पुढच्या कॉलला आणतील. रस्ता सुरू झाला की शुक्रवारी जातो, आदल्या रात्री रंकाळ्याजवळ मावशीकडे उतरू.

आत्याबाईंना चवड्यांचं सांगितलं. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर त्याला पायांवर पालथा घालून त्या स्वतःच टाळ्या वाजवत होत्या, मान वर करायला. आज आंघोळीनंतर डावी मूठ तुम्ही सांगितल्याप्रमाणे चोळली तेव्हा चार बोटं सुटली. अंगठा अजून आतच आहे. तो ओढू का?

शाहूपुरीची फिजिओ

ओढू नका. तळव्याच्या बाजूने अंगठ्याच्या मुळाशी, गादीवर, तुमचा अंगठा नुसता टेकवून ठेवा आणि त्याला दूध पिऊ द्या. शुक्रवारी जाल तेव्हा पहिलं तेच दाखवा.