शाळेच्या फाटकासमोरच्या गाड्या आणि पायी येणारी मुले

प्रश्न: माझी सात वर्षांची मुलगी पायी शाळेत जाते. फाटकासमोर पालक पदपथावर दोन चाके चढवून गाड्या लावतात, त्यामुळे तिला रस्त्यावर उतरावे लागते. काल अचानक उघडलेले दार तिच्या दप्तराला घासून गेले. ‘दोनच मिनिटे’ हे उत्तर ऐकून कंटाळलो आहे. काय करावे?

प्रतिसाद १: दारापेक्षा मोठा धोका आडोशाचा आहे. उंच गाडीमागे उभे असलेले मूल रस्त्यात पाऊल टाकेपर्यंत चालकाला दिसत नाही आणि त्यालाही येणारे वाहन दिसत नाही. त्यातच वेग ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर असला, तर धडकेची ऊर्जा जवळजवळ तिप्पट होते. म्हणूनच रस्ता सुरक्षेविषयीच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ३० ची मर्यादा सुचवली आहे.

प्रतिसाद २: त्या ‘दोन मिनिटां’वाल्यांत मीही होते, हे कबूल करते. आता मुलाला दोन वळणे अलीकडेच उतरवते आणि तिथून आम्ही चालत जातो. शेजारच्या चार मुलांना आळीपाळीने एक पालक सोबत नेतो. पावसात मात्र हा उत्साह ओसरतो.

प्रश्नकर्ता: आळीपाळीची कल्पना पटली. मुख्याध्यापकांशी उद्याच बोलतो.