कलाटणी की चकवा?

जुन्या अमेरिकन कथा ओळीने वाचतोय. वहीत टिपणं काढताना प्रत्येक शेवटापुढे 'कलाटणी' एवढंच लिहिलं जातंय, ते खटकतंय. ओ. हेन्रीच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय'ला (१९०५) शब्द चपखल आहे. डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट. ती केस विकून जिमच्या घड्याळाला साखळी आणते, तर त्याने घड्याळ विकून तिच्या केसांत खोचायचे कंगवे आणलेले. डाव उलटला. पण अँब्रोज बिअर्सच्या 'ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज'लाही (१८९०) कलाटणीच म्हणायचं?

—

मी 'चकवा' म्हणेन. (कथा वाचली नसेल तर इथेच थांबा.) आमच्या कोकणात रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो, आणि उजाडल्यावर बघतो तर निघाला त्याच जागी. बिअर्सच्या नायकाचं, फारकरचं, नेमकं तेच होतं. अलाबामातल्या रेल्वेपुलावर फाशी, दोर तुटतो, हा नदीत पडतो, पोहून निसटतो, घराकडे चालत सुटतो, बायको सामोरी येते… आणि शेवटी हा पुलाखालीच लोंबकळतोय! कलाटणी मिळते ती चालू असलेल्या गोष्टीला. इथे मधलं काही घडलेलंच नाही. खुणा मात्र वाटेवर पडलेल्या आहेत: मान दुखतेय, जीभ सुजलीय, पायाखाली रस्ताच लागत नाही. पहिल्या वाचनात मी ते सगळं थकव्यावर ढकललं होतं.

—

चकवा पटला. मग शर्ली जॅक्सनच्या 'द लॉटरी'चं (१९४८) काय? गावाच्या लॉटरीत काळ्या ठिपक्याची चिठ्ठी ज्याला येते, त्याला सगळे दगडांनी मारतात; तिथे दोन्ही नाही. दुसऱ्याच परिच्छेदात पोरं खिशात गुळगुळीत गोटे भरतायत, काही लपवलेलं नाही. फसवतं ते नाव, आणि मराठीत जरा जास्तच, कारण आपल्याला लॉटरी म्हटलं की पैसेच दिसतात. भाषांतर करताना 'सोडत' लिहून पाहिलं, तर डोळ्यांसमोर म्हाडाची घरं! 'चिठ्ठी' लिहावं तर तिच्यावरचा काळा ठिपका आधीच दिसायला लागतो. शेवटी 'लॉटरी'च ठेवलं. आपल्याकडे लॉटरीही लागते आणि दगडही लागतो, हे जॅक्सनबाईंना कुठून ठाऊक असणार!