मदत हवी आहे: १९३२ चा 'बोनस' आणि माझं न जुळणारं गणित

नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम न्यू जर्सीला, मुलाकडे. नात इथे अकरावीत आहे. इतिहासाचा प्रकल्प मिळालाय: दोन महायुद्धं आणि मधली महामंदी, सगळं कुठल्या तरी एका गटाच्या नजरेतून मांडायचं. तिने पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढून आलेले अमेरिकन सैनिक घेतले. मी जन्मभर बँकेत, तेव्हा "आजोबा, पैशांचं तुम्ही बघा" म्हणून ती मोकळी झाली आणि मी अडकलो.

मला कळलंय ते असं. सैनिक खंदकात असताना घरी राहिलेले कारखान्यात बक्कळ कमावत होते, त्याची भरपाई म्हणून १९२४ साली कायदा झाला; या भरपाईलाच लोक 'बोनस' म्हणत. राष्ट्राध्यक्ष कूलिजसाहेबांचा नकाराधिकार डावलून झाला. पहिले ६० दिवस वगळून, देशात नोकरी केली असेल तर दिवसाला १ डॉलर, समुद्रापार १.२५. पण ५० डॉलरपर्यंतच रोख. त्याहून जास्त निघत असेल तर हातात कागद, १९४५ साली मुदत भरणारं प्रमाणपत्र.

आता माझी अडचण. फ्रान्सला गेलेला एक सैनिक धरू, मोजायचे दिवस ४००. म्हणजे जमा ५०० डॉलर. त्यावर २५ टक्के वाढ, झाले ६२५. द.सा.द.शे. ४ ने २० वर्षं चक्रवाढ केलं की १३६९ येतात. नातीच्या पुस्तकात मात्र प्रमाणपत्राची रक्कम 'जमेच्या साधारण अडीच पट' दिलीय, म्हणजे १२५० च्या आसपास. सव्वाशेचा फरक कुठे गेला? एक रुपया जुळला नाही तर रात्री आठपर्यंत शाखेत बसलेला माणूस आहे मी, झोप लागत नाहीये.

दुसरं. १९३१ च्या फेब्रुवारीत या कागदावर निम्म्यापर्यंत कर्ज मिळायला लागलं, साडेचार टक्क्यांनी. १००० च्या प्रमाणपत्रावर ५०० उचलले आणि १९४५ पर्यंत फेडलेच नाहीत, तर चक्रवाढीने देणं होतं ९२६. मुदत भरल्यावर हातात ७४ डॉलर! हे खरंच असं होतं की मी कुठे चुकतोय?

तिसरं, बाई म्हणाल्या याचा संबंध १९४४ च्या जी.आय. बिलाशी (दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना सवलती देणारा कायदा) जोड. आहे का तसा संबंध, की ओढूनताणून?

हप्तेबंद:
काका, तुमचं गणित बरोबर आहे, पण खातं चुकलंय. ही मुदत ठेव नव्हे, एन्डोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे मुदत भरली की किंवा आधी मृत्यू आला की पैसे देणारा विमा. कायद्यातच म्हटलंय की जमा अधिक २५ टक्के हा एकरकमी हप्ता समजायचा आणि त्यात सैनिकाच्या वयाला २० वर्षांचा जेवढा विमा बसेल तेवढी रक्कम कागदावर लिहायची. व्याज ४ टक्केच, पण मृत्यूचा तक्ता (कुठल्या वयात किती जण जातात त्याचा) लावून. मधेच माणूस गेला तर घरच्यांना पूर्ण रक्कम. त्या जोखमीची किंमत म्हणजे तुमचे सव्वाशे. लोक त्याला 'थडग्यावरचा बोनस' म्हणायचे ते उगाच नाही, वेळेआधी पूर्ण पैसे हवेत तर मरायला हवं.

कर्जाचं तुम्ही काढलंय ते बरोबर. मंदीत बेकार झालेला माणूस फेडणार कशातून?

पोटोमॅककाठचा:
मी वॉशिंग्टनजवळ राहतो, म्हणून जरा लांबण लावतो. नातीला सांगा, १९३२ चा उन्हाळा हाच प्रकल्पाचा गाभा ठेव. ओरेगनच्या पोर्टलंडहून वॉल्टर वॉटर्स नावाचा बेकार माजी सार्जंट अडीचशे-तीनशे जणांना घेऊन मालगाड्यांतून निघाला. जूनपर्यंत वीसेक हजार माणसं राजधानीत. बरेच जण बायकापोरांसकट. अ‍ॅनाकोस्टिया नदीपलीकडच्या चिखलात जुने पत्रे, खोकी, मोडक्या गाड्या यांच्या झोपड्या उठल्या. ज्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, त्याच सैन्यातले काळे-गोरे इथे शेजारी शेजारी राहिले. माझ्या मते हे तिच्या तक्त्यावर आलंच पाहिजे.

मागणी एकच: १९४५ चे पैसे आत्ता द्या. १५ जूनला खालच्या सभागृहात विधेयक पास, १७ जूनला सिनेटमध्ये पडलं. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक गेले. मग राष्ट्राध्यक्ष हूव्हरनी लष्कर बोलावलं. लष्करप्रमुख मॅकआर्थर पुढे, त्यांचे सहायक आयझेनहॉवर, घोडदळात पॅटन. सोबत रणगाडे आणि अश्रुधूर. रात्री वस्ती पेटली.

हूव्हरनंतर राष्ट्राध्यक्ष म्हणून रूझवेल्ट आले तरी बोनस द्यायला तयार नव्हते, हे पुस्तकं दोन ओळींत उडवतात. १९३६ साली त्यांचाही नकाराधिकार डावलूनच पैसे मिळाले.

आता तुमचा तिसरा प्रश्न. संबंध आहे, अजिबात ओढूनताणून नाही. दुसऱ्या महायुद्धात गणवेशातले जवळजवळ १ कोटी ६० लाख. ते परत येऊन अ‍ॅनाकोस्टियाला बसले तर? ही धास्ती सगळ्यांनाच होती. म्हणून युद्ध चालू असतानाच, २२ जून १९४४ ला कायदा: बेकारांना आठवड्याला २० डॉलर, कमाल ५२ आठवडे, शिक्षणाचा खर्च, घरकर्जाला सरकारी हमी. यावेळी मुदतीचा कागद नाही. दक्षिणेत मात्र काळ्या सैनिकांना कर्ज देताना स्थानिक बँकांनी दारं लावून घेतली, तेही लिहायला सांगा.

धागाकर्ता:
हप्तेबंद, पोटोमॅककर, दोघांचे आभार. विमा! विमा कसा सुचला नाही मला? नातीला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही मॅनेजर असतात तर दिले असते का त्यांना पैसे?" खरं सांगायचं तर नसते दिले. मुदतीआधी पॉलिसीचे पूर्ण पैसे मागणाऱ्याला मीही नियमाचं कलम दाखवून चहा पाजून परत पाठवलं असतं. तिने ते वाक्य तक्त्यावर घातलंय, माझ्या परवानगीशिवाय.

१९३६ चा हिशेब काल वाचला. ५०-५० डॉलरचे रोखे, १५ जूनपासून टपालाने घरपोच, आणि कर्जावरचं १ ऑक्टोबर १९३१ पासूनचं थकलेलं व्याज माफ. म्हणजे माझे ते ७४ डॉलर आता खोडावे लागणार. तक्ता पुन्हा करायचाय, उद्या सकाळी तिची बस सातला आहे.