‘मॅलअ‍ॅडाप्टिव्ह’ म्हणजे माझंच काही चुकलंय का?

प्रश्न:
समुपदेशकांनी परवा माझ्या एका सवयीला ‘मॅलअ‍ॅडाप्टिव्ह’ म्हटलं. मराठीत ‘कुसमायोजन’ शब्द सापडला, म्हणजे परिस्थितीशी चुकीचं जुळवून घेणं. त्यातला ‘कु’ फार लागला मला.

लहानपणी कुलपात किल्ली कशी फिरते यावरून बाबांचा पारा कळायचा. किल्ली दोनदा घासली की मी वही मिटून आतल्या खोलीत. त्यानं कितीदा मार चुकला. आता चाळिशीत नवऱ्यानं ड्रॉवर जरा जोरात लावला तरी घशाला कोरड पडते आणि मी खोलीतून निघून जाते. तेव्हा जे बरोबर होतं ते आता ‘कु’ कसं? जीवशास्त्रातही हाच शब्द आहे ना?

उत्तर १:
ताई, मी जीवशास्त्र शिकवते. समुद्री कासवाची पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ, तिकडे धावतात. अंधारात उजळ बाजू समुद्राचीच असायची. किनाऱ्यावर दिवे आले आणि तीच पिल्लं उलटी, रस्त्याकडे जाऊ लागली. पिल्लात काही बिघडलेलं नाही, उजेड बदललाय. यालाच आम्ही ‘मॅलअ‍ॅडाप्टिव्ह’ म्हणतो. फरक इतकाच की जीवशास्त्रात हिशोब किती जगली, किती प्रजा झाली याचा. मनाला किती त्रास झाला याचा नाही. शिवाय पिल्लांचा तो स्वभाव जनुकांतून येतो, तुम्ही तुमचा एका बालपणात शिकलात. म्हणजे तो बदलूही शकतो.

उत्तर २:
थोडी भर घालतो. जीवशास्त्रात प्रत्येक अपायकारक गुण कधीकाळी उपयोगाचा होता असं नाही. लहानशा गटात घातक जनुक निव्वळ योगायोगानंही पसरतं. तुमच्या सवयीला मात्र कारण होतं. ती टिकते कशी, हे मानसशास्त्रज्ञ मौरर यांनी १९४७ मध्ये मांडलं: आधी आवाजाशी भीती जोडली जाते, मग निघून गेल्यावर जी सुटका वाटते ती निघून जाणंच पक्कं करते. ड्रॉवरनंतर काहीच होत नाही, हे बघायला तुम्ही तिथं नसताच.

प्रश्नकर्ती:
काल ड्रॉवर वाजला तेव्हा बसून राहिले. हात गार पडले होते. तो कात्री शोधत होता. हे एकटीनंच करत राहू का?

उत्तर २:
नको, समुपदेशकांना सांगून करा. हलक्या आवाजांपासून सुरुवात करा.