ईपीएबीएक्स: आतला कॉल मोबाईलवर जातो, बाहेरचा का जात नाही?

प्रश्न: ऑफिसातल्या ईपीएबीएक्सला (आतले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारं यंत्र) तांब्याच्या 2 लाइन आणि 12 एक्स्टेन्शन (आतले फोन) आहेत. 21 नंबर 'उचलला नाही तर' मोबाईलला फॉरवर्ड केलाय. आतून 21 लावला की मोबाईल वाजतो. बाहेरून आलेला कॉल मात्र 21 वरच वाजत राहतो. काय राहिलंय?

उत्तर 1: ट्रंक-टू-ट्रंक (बाहेरची एक लाइन बाहेरच्याच दुसऱ्या लाइनला जोडण्याची परवानगी) बंद असणार. आतल्या कॉलला बाहेर जायला एकच लाइन लागते. बाहेरचा कॉल एका लाइनने आत येतो, दुसरीने मोबाईलकडे जातो, आणि बोलणं संपेपर्यंत दोन्ही अडकतात. प्रोग्रॅमिंगमध्ये ही परवानगी फक्त 21 ला द्या, सगळ्यांना नको. नाहीतर तुमच्या बिलावर बाहेरचे लोक फोन करतील. दुसरी लाइन त्या क्षणी बिझी असली तरीही फॉरवर्ड होणार नाही, तेही तपासा.

किती वेळ न उचलल्यावर फॉरवर्ड व्हावं ती वेळ 15 सेकंद ठेवा. आपल्याकडे रिंगचं एक आवर्तन 3 सेकंदांचं (0.4 वाजते, 0.2 थांबते, 0.4 वाजते, 2 शांत), म्हणजे 5 रिंग. याहून जास्त ठेवली तर मोबाईल वाजायच्या आतच समोरचा फोन ठेवतो.

उत्तर 2: आतून जातोय म्हणजे नंबर बरोबर भरलाय. ज्यांचा आतूनही जात नाही त्यांनी शून्य मोजावेत: लँडलाइनवरून मोबाईलला 15 जानेवारी 2021 पासून आधी 0 लावावा लागतो. बाहेरची लाइन घ्यायलाही 0 असेल तर दोन शून्य हवेत.

ट्रंक-टू-ट्रंक चालू करण्याआधी लाइन सुटण्याची सोय बघाच. दोन्ही माणसं बाहेरची असतात, त्यामुळे रिसीव्हर ठेवल्याचं ईपीएबीएक्सला आपोआप कळत नाही. ते कळावं म्हणून बिझी टोन ओळखायचं सेटिंग 400 हर्ट्झ, 0.75 सेकंद चालू आणि 0.75 बंद असं हवं. लाइन देणारी कंपनी पोलॅरिटी रिव्हर्सल (कॉल जुळला किंवा तुटला की लाइनचे + आणि − उलटवून दिलेला इशारा) देत असेल तर ते घ्या, जास्त भरवशाचं. शिवाय कमाल वेळेचा टायमर 10 मिनिटांवर ठेवा, नाहीतर दोन्ही लाइन तासन्‌तास जुळलेल्या राहतात.

प्रश्नकर्ता: चालू झालं, बाहेरचा कॉल मोबाईलवर येतोय. पण स्क्रीनवर ऑफिसचाच नंबर दिसतो.

उत्तर 1: तांब्याच्या लाइनवर तोच दिसणार, दुसरा कॉल तुमच्या लाइनवरून निघतो ना. मूळ नंबर पुढे पाठवायचा तर एसआयपी ट्रंक (इंटरनेटच्या तंत्राने चालणारी फोन लाइन) हवा, आणि तोही कंपनीने परवानगी दिली तरच. तोवर ऑफिसचा नंबर मोबाईलमध्ये वेगळ्या रिंगटोनने सेव्ह करा.