पीएचडीनंतर पोस्टडॉक करावं का इथेच चिकटावं?

कराडची_केमिस्ट:
नमस्कार मंडळी. पुण्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, दिवाळीपर्यंत थिसिस सबमिट होईल. वय 30. बीएस्सी कराड, एमएस्सी कोल्हापूर, मग नेट-जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची फेलोशिप) आणि ही पीएचडी. गाईड म्हणतात बाहेर जा, पोस्टडॉक कर. घरचे म्हणतात अजून किती शिकणार, गावाजवळच्या कॉलेजात लाग. एसआरएफचे (त्याच फेलोशिपचा पुढचा टप्पा) महिन्याचे 42 हजार बंद झाले की हातात काहीच नाही. काका विचारतायत पोस्टडॉकची डिग्री मिळते का? 😅 किती वर्षं करावं लागतं?

रिकामा_फ्लास्क:
काकांना सांग, डिग्री बिग्री काही नाही, ती पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरीच आहे पण मुदतीची. भारतात रिसर्च असोसिएट म्हणून लागलीस तर 2023 च्या दराने महिना 58 हजारांपासून सुरुवात, वर एचआरए (घरभाडं). मी जर्मनीत आहे, इथे टीव्ही-एल ई-13 या सरकारी पगाराच्या स्केलवर वर्षा-दोन वर्षांची कॉन्ट्रॅक्टं, आणि युनिव्हर्सिटीत पीएचडीनंतर असं साधारण 6 वर्षंच ठेवतात, त्यामुळे कुणी 'राहा रे अजून वर्षभर' म्हणालं तर खूश होण्याआधी बोटांवर वर्षं मोजायची. हुंबोल्ट फेलोशिपला (जर्मनीत संशोधनासाठी मिळते ती) पीएचडी होऊन 4 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.
लॅब निवडताना प्रोफेसरच्या पेपर्सची यादी नंतर बघ, आधी ग्रुपच्या वेबसाइटवर जुन्या मेंबरांचं पान उघड. मागचे पोस्टडॉक आता कुठे आहेत ते शोध. निम्मे अजून तिसऱ्या पोस्टडॉकवर असतील तर ती लॅब सोड, मग प्रोफेसर कितीही मोठा असो. आणि मेल 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू करून अख्खा सीव्ही ओतू नकोस. मी त्यांच्या पेपरातल्या एका कपलिंग स्टेपला (दोन रेणू जोडायची पायरी) यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, का पडत असेल यावर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

तासिका_मास्तर:
गावाजवळच्या कॉलेजात लाग म्हणणाऱ्यांना एकदा माझी पे स्लिप दाखवायला हवी. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी सगळं आहे, तरी वर्षानुवर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर), तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य. कायम जागेची जाहिरात कधी निघेल ते देव जाणे, आणि निघाली तरी पुढचं सगळं तुम्हाला माहितीच आहे. तिथेच बसून वाट बघू नकोस एवढंच.

प्रोसेस_पाटील:
सगळे अॅकॅडमिक बोलतायत म्हणून सांगतो. सिंथेसिसवाल्यांना हैदराबाद, पुणे, मुंबईत फार्मा आर अँड डी आहे आणि तिथे पोस्टडॉकवाचून काही अडत नाही. प्रोफेसर व्हायचंच नसेल तर दोन-तीन वर्षं कशाला घालवायची? व्हायचं असेल तर मात्र पोस्टडॉकशिवाय आयसरसारख्या केंद्राच्या विज्ञान संस्थांत कुणी विचारत नाही.

कराडची_केमिस्ट:
प्रोफेसर व्हायचंय हो, तेच तर. पण एकदम बाहेर जायची हिंमत नाही होत, आई एकटी असते.

रिकामा_फ्लास्क:
मग आधी नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप बघ, आधी केंद्राच्या एसईआरबी या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेची होती, आता तिच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे. 2 वर्षं मिळतात, थिसिस सबमिट केलेलेही अर्ज करू शकतात, वयाची अट 35 आणि बायकांना 5 वर्षं सूट. होस्ट मेंटर आधी ठरवावा लागतो, म्हणून प्रपोजल आत्तापासूनच लिहायला घे. नंतर बाहेर गेलीस तर परत यायला रामानुजन फेलोशिप आहे, तीही 5 वर्षांचीच, कायम नोकरी नव्हे, हे काकांना आत्ताच सांगून ठेव.