मदत हवी आहे: वर्षभराचा रेट बांधून दिला आणि तांबं चढलं

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं प्रेसशॉप आहे. स्विचगिअरला (वीज चालू-बंद करायच्या उपकरणांना) लागणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या पंच करून देतो. एका कंपनीची वर्षभराची ओपन पीओ (लागेल तसा माल मागवायची खरेदी ऑर्डर) फिक्स रेटनं घेतली, अजून पाच महिने जायचे आहेत.

हिशेब असा. नगाला १५० ग्रॅम पट्टी लागते, त्यातली ३० ग्रॅम स्क्रॅपमध्ये जाते. कोटेशन दिलं तेव्हा पट्टी ९२० रुपये किलो होती, परवाचं बिल ११३० नं आलं. नगामागे साडेएकतीस रुपये जादा. स्क्रॅपही महाग विकलं जातंय, त्यातून पाचेक रुपये सुटतात. तरी २६ रुपये अंगावर येतात, आणि मजुरी, डाय, वीज, नफा सगळं धरून माझे आहेत २२. महिन्याला ४००० नग जातात.

पीओत रेटवाढ मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. माल उशिरा गेला तर आठवड्याला अर्धा टक्का कापतात.

कॅनडा कॉर्नरच्या एका वकिलांना विचारलं. करार कायदा १८७२, कलम ५६ : काम अशक्य झालं तर सुटका, नुसतं महाग पडलं म्हणून नाही. इंडोनेशियाचा कोळसा महागला तेव्हा वीज कंपन्यांनाही सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये हेच सांगितलं. दोघं राजी असतील तर मात्र कलम ६२ नुसार करार बदलता येतो.

म्हणून पर्चेसच्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "२०२४ ला भाव उतरला तेव्हा तुम्ही रेट कमी केला होता का?" खरं आहे. त्या मे महिन्यात लंडनच्या धातू बाजारात तांबं टनाला १०,००० डॉलरच्या वर गेलं, तेव्हा त्या वर्षीचा रेट ठरला. ऑगस्टपर्यंत ते ९,००० च्या आसपास उतरलं आणि मी गप्प राहिलो. ते मला अजून लागतंय.

अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे, माल अडवायचा नाही. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, मजुरी तीच ठेवून तांब्याचा फरक दर महिन्याला, चढला तरी आणि उतरला तरी. दुसरा, पट्टी त्यांनीच द्यावी, मी फक्त जॉबवर्क करीन. दुसऱ्यात स्क्रॅप कुणाचं, हा वाद होतो का?

चालू पीओला अशी अमेंडमेंट (लेखी बदल) कुणी मिळवली आहे का? फरक मोजायला बेस रेट कोणत्या तारखेचा धरलात? सोमवारी पुन्हा भेट आहे, पत्राचा मसुदा असेल तर कृपया टाका.